अडतीस

रात्री अडीच वाजता बोद्दुल आला
आणि मोडका इन्सर्ट माझ्या टेबलावर ठेवला,
पडलेला दात दाखवावा तसा.
"चार जॉबात तीन टिपा गेल्या, गाजूल मॅडम.
पोलाद पाठवलाव का दगड ओ?"

चिंचोळीचा मे. दिवसभर तापलेला पत्रा
अजून वरून धग सोडत होता.
मी कॅमशाफ्टचं टोक पॉलिश पेपरवर घासलं,
आरसा होईस्तोवर नाही, फक्त काळी खपली जाईस्तोवर.
हिऱ्याचं टोक टेकवलं.
आधी दहा किलो, मग दीडशे.
काटा थांबला :
अडतीस.
जरा सरकवून पुन्हा : साडेसदतीस.
तिसऱ्यांदा अडतीसच.
ड्रॉइंगवर लिहिलंय अठ्ठावीस ते बत्तीस.

चन्नप्पा भट्टीकडून आला, गळ्यातल्या टॉवेलनं मान पुसत.
"कडक निघालं तर काय वाईट बे?
इंजिनात जाऊन मिनिटाला दोन हजार फेरे
ह्यानंच मारायचेत, तुझ्या टिपांनी नाही."

"इंजिनात जायच्या आधी
माझ्या चकमधनं जायला लागतंय त्याला."

मी काही बोलले नाही.
मागच्या महिन्यात बावीसचा लॉट आला होता,
तेव्हा हाच बोद्दुल हीच तक्रार घेऊन उभा होता, उलट्या बाजूनं :
चिप तुटेचना, हातभर लांब, निळी,
जॉबला गुंडाळून बसलेली;
टिपेच्या ओठाला पोलाद चिकटलेलं
आणि शाफ्टच्या अंगावर ओरखडे,
जणू कापलं नाही, फाडलंय.

साखर पेठेत माझे नाना ताण्याला खळ लावायचे.
खळ जास्त, तर सूत काडीसारखं मोडतं.
खळ कमी, तर फणीत पिंजतं, मागाखाली कापूस साठतो.
त्यांच्याकडे काटा नव्हता, हिरा तर नव्हताच.
एक धागा कानाजवळ नेऊन ताणायचे,
डोळे मिटून,
आणि पातेल्यात आणखी तांब्याभर पाणी ओतायचे.
किंवा नाही ओतायचे.
मग म्हणायचे, "चालु."
तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
शाळेत जाईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं
की मराठीत त्याचा अर्थ
मशीन फिरतंय.

आम्ही तिघं भट्टीच्या तक्त्यापाशी गेलो.
कागदावर पाचशे ऐंशीची सरळ रेघ,
बिनचूक, कुणीतरी पट्टी लावून ओढल्यासारखी.
चन्नप्पा बराच वेळ बघत राहिला.
मग मागे जाऊन थर्मोकपलची तार हलवली.
रेघ उडी मारून खाली आली.
"साठ डिग्री खोटं बोलत होती," तो हळू म्हणाला,
आणि आपलं कुणी पकडलं गेल्यासारखा
टॉवेल पुन्हा मानेवर फिरवू लागला.

दोनशे चाळीस शाफ्ट परत आत.
पाचशे नव्वद, दोन तास.
तेवढ्यात चन्नप्पानं डबा उघडला,
कडक भाकरी गुडघ्यावर ठेवून मोडली,
मोठा तुकडा बोद्दुलच्या हातावर ठेवला,
वर शेंगाचटणी.
"घे. ह्याला टीप लागत नाही."
बोद्दुल हसला नाही, पण खाल्ली.

पुढचं सगळं अजून बाकीच :
टर्निंग, ग्राइंडिंग,
मग लोबच्या पाठीला तांब्याच्या कड्यात सहा सेकंद,
लालभडक, वर पाण्याचा फवारा, अठ्ठावन्न.
तेवढं कातडंच तेवढं कडक.
पोट तिशीतच ठेवायचं,
नाहीतर पहिल्या दणक्याला शाफ्ट दुभंगायचा.

साडेसहाला उजाडलं होतं.
मी हिरा टेकवला.
एकतीस. एकतीस. साडेतीस.
टिकलीएवढ्या तीन खुणा, एकमेकींपासून अंतर राखून.
तोंडातून निघून गेलं : "चालु."

बोद्दुलनं मान हलवली, त्याला कळलं.
चन्नप्पा कन्नड घरातला,
त्यानं ऐकलं ते मराठी,
आणि पलीकडे जाऊन
हिरवं बटण दाबलं.